नावेचं नाव

गळ्याभोवती नाळ घेऊन आली म्हणून अविनो.
आमच्याकडे माणूस जसा जन्मतो तसं त्याचं नाव.
नावेचं तसं नाही.
नाव मी घडवतो, तिचं नाव ठरवतो मालक,
आणि ते लिहिते ही पोर,
एकोणीस वर्षांची, कोपरापर्यंत निळी.

तिची अक्षरं बघायला म्बिताहून माणसं येतात.
‘देवाला उशीर चालतो’, ‘सासूची शपथ’, ‘उधार विसरा’.
प्रत्येक ओळीच्या टोकाला एक शेपटी,
वळताना पाणी कापणारी.

दर विचारा, सांगेल:
नावाचे आठशे.
दंड उघडा करून पाच मिनिटं गप्प बसलात
तर पाचशे.

पाच मिनिटं गप्प! या किनाऱ्यावर!
जाळ्यावरून, भावावरून, वाऱ्यावरूनसुद्धा भांडणारे
उलट्या खोक्यावर बसतात, पावलं जमिनीला टेकवून,
शाळेतल्यासारखे.
ती पट्टा गुंडाळते, हवा भरते,
आणि यंत्र गुरगुरतं तेवढा वेळ
सरोवराकडे बघत राहते.

यंत्र आलं म्बुटा माशाच्या कातड्यातून.
कारखान्यामागे फेकलेली कातडी घासली,
बाभळीच्या सालीत मुरवली.
वासापायी आईनं आठ दिवस शेजारणीकडे रांधलं.
एक्केचाळीस पाकिटं विकली. पहिली सहा उसवून परत आली,
हेही सांगते, न विचारता.

आकडे वहीत नाहीत.
वह्या भिजतात, चुलीत जातात.
आकडा ती लिहिते आतल्या फळीवर,
वल्हं मारणाऱ्याच्या गुडघ्यासमोर,
बोटाएवढा, तारखेसकट.
फार चढला तर लाल रंगात.
लाल म्हणजे गुरुवारी नर्सकडे, सबब नाही.

ओबुरा म्हणाला,
हात दाखवून अवलक्षण कोण घेईल?
आठशे मोजले. नावेवर लिहून घेतलं: ‘ठणठणीत’.
तिनं अक्षरं काढली, इतरांइतकीच देखणी,
आणि वरचे तीनशे वेगळ्या डब्यात टाकले.
त्या डब्यातून यंत्राचे सेल येतात.

मग त्याची नाव गळायला लागली. माझ्याकडे आली.
(खोटं कशाला बोलू, फळी मीच ओली बसवली होती.)
तेवढे दिवस तो दुसऱ्याच्या नावेत ओमेना धरायला गेला,
काळोखी रात्र, पाण्यावर कंदील,
आणि गुडघ्यासमोर रात्रभर उजेडात
एकशे शहाऐंशी, लाल.
खाली एकशे बासष्ट, लाल.
खाली एकशे अडतीस, पांढरा.

सकाळी आला. वाटलं, दंड उघडणार.
तर बायकोला पुढे केलं: आधी हिचं बघ.

रिस्पर बसली. ओमेना वाळवून हातांना खवल्यांची चमक.
यंत्र गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं.
अविनोनं लाल डबा उघडला,
कुंचला बुडवला,
आणि अडली.
लिहायचं कुठे?

रिस्पर हसली. म्हणाली,
माझ्या नावावर कुठली नाव?

किनाऱ्यावर त्रेपन्न नावा. मीच घडवल्यात बहुतेक.
एकही बाईची नाही.
हे मला त्या दिवशी कळलं,
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कुंचल्याकडे बघताना.

रिस्परनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं, उपडं घातलं.
इथे लिही.
पोरीनं लिहिलं. मग थोडं थांबून,
आकड्यावर, तिच्या सगळ्यात लांब शेपटीत: ‘रिस्पर’.
पैसे घेतले नाहीत.
दुसऱ्या दिवशी अकरा घमेली रांगेत होती,
तेव्हा मात्र घेतले. शंभर शंभर.
धंदा आहे, म्हणाली.

ओबुराचा दंड अजून बाहीत आहे.

माझाही.
चार महिने सांगतोय, उद्या.
नव्या नावेची एक आतली फळी कोरी ठेवलीय,
रोज सकाळी रंधा फिरवतो तिच्यावरून.
काल पोर येऊन उभी राहिली, बोटानं फळी दाबून म्हणाली,
अजून किती पातळ करणार?